सेप्टिक टाकी उपसली तरी पुन्हा तुंबते? शोषखड्ड्याभोवतीची जमीन तपासा

मैला उपसणारी गाडी येऊन गेली, पंधरा दिवस बरे गेले आणि संडासातलं पाणी पुन्हा वर आलं. हे वर्षात दोनदा होत असेल तर तिसऱ्यांदा गाडी बोलावून काही साधणार नाही. टाकीचं काम मैला अडवून कुजवण्याचं. पाणी जिरवायचं काम शोषखड्ड्याचं आणि त्याच्याभोवतीच्या मातीचं. दोष बहुतेक वेळा तिथे असतो आणि पैसा मात्र टाकीवर जात राहतो.

तपासण्या फुकटपासून खर्चिकाकडे अशा क्रमाने दिल्या आहेत. घर अजून बांधायचं असेल आणि प्लॉट शोषखड्ड्याला चालेल का एवढंच बघायचं असेल, तर विहिरीच्या पाण्यापासून पुढचा भाग वाचा.

लक्षणं आणि त्यांचा अर्थ

एक गैरसमज आधी. झाकण उघडल्यावर टाकी पाण्याने भरलेली दिसणं हा बिघाड नाही. चालू टाकी बाहेर जाणाऱ्या पाइपच्या पातळीपर्यंत कायम भरलेलीच असते. पाणी त्या पाइपच्या वर चढून उभं असेल तरच पुढे अडथळा आहे.

एकाच संडासात पाणी हळू उतरतं आणि बाकी सगळं ठीक आहे, तर पाइप किंवा चेंबर तपासा. जमिनीचा संबंध नाही. सगळीकडचं पाणी एकदम मंदावतं, पॅनमधून बुडबुड्यांचा आवाज येतो आणि उपसल्यावर थोडेच दिवस बरं वाटतं, तेव्हा शोषखड्डा भरलेला आहे. हे फक्त आषाढापासून पुढे होत असेल तर जमिनीतलं पाणी वर येतंय किंवा पावसाचं पाणी आत शिरतंय. शोषखड्ड्याच्या आसपास उन्हाळ्यातही हिरवंगार गवत, ओल, वास आणि डास म्हणजे पाणी खाली जायचं सोडून वर फुटतंय.

सगळ्यात खात्रीचं लक्षण गाडी आलेली असताना दिसतं. टाकी उपसली जात असताना शोषखड्ड्याकडे जाणाऱ्या पाइपच्या तोंडाकडे बाहेरूनच विजेरीने बघा. त्यातून पाणी उलटं टाकीत येत असेल तर खड्डा तुडुंब आहे. गाडीवाल्याने टाकीबरोबर तुमचा खड्डाही उपसला, म्हणून ते पंधरा दिवस बरे गेले.

उलटा प्रकारही असतो आणि तो कुणाच्या लक्षात येत नाही. खड्डा कधीच भरत नाही, तक्रार काही नाही, पण जवळच्या विहिरीच्या पाण्याला वास येतो. जमीन फारच पोकळ असली की असं होतं. त्याबद्दल जांभ्याच्या ओघात पुढे येईल.

झाकण उघडण्याआधी

टाकीत आणि शोषखड्ड्यात मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड साठतात. हायड्रोजन सल्फाइड जास्त असला की नाकाला त्याचा वास येणंच बंद होतं, म्हणून 'वास नाही, म्हणजे ठीक आहे' हा हिशेब चालत नाही. झाकण सरकवून दहा-पंधरा मिनिटं लांब थांबा. विडी, काडी, कंदील जवळ नको. एकट्याने उघडू नका, तोंड आत घालून वाकू नका, आणि काहीही पडलं तरी आत उतरू नका. काठीने बाहेरून मोजता येईल तेवढंच मोजायचं. सुरक्षेची साधनं आणि खबरदारी न देता माणूस आत उतरवून टाकी साफ करून घेणं, हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, मजूर स्वतः तयार असला तरी.

फुकटच्या तपासण्या

पहिला संशय गळक्या फ्लशवर घ्या. फ्लशच्या टाकीत कपड्यांची थोडी नीळ टाका आणि अर्धा तास कुणी फ्लश करू नका. पॅनमध्ये निळं पाणी उतरलं तर आतला वॉशर गळतोय. पाण्याची बारीक धार दिवसभरात शेकडो लिटर होते. चांगली जमीनसुद्धा तेवढ्याने हरते, आणि वॉशर मात्र काही रुपयांचा असतो.

मग गच्चीचं पाणी. पन्हाळीचा पाइप सोयीचा म्हणून चेंबरला जोडून दिलेला पुष्कळ घरांत सापडतो. १०० चौरस मीटर गच्चीवर २० मिलिमीटर पाऊस पडला की २,००० लिटर पाणी होतं. पाच माणसांच्या घराचं चार दिवसांचं सांडपाणी एका सरीत येऊन पडतं. ते बाहेर काढा, आणि चेंबरची झाकणं जमिनीपेक्षा चार बोटं वर आहेत ना, तेही बघून घ्या.

आता रात्रभराची खूण. रात्री सगळे झोपल्यावर शोषखड्ड्याच्या काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर काठीने मोजा, सकाळी कुणी नळ उघडायच्या आधी पुन्हा मोजा. १.२ मीटर व्यासाच्या मोकळ्या खड्ड्यात पातळी १० सेंटिमीटर उतरली म्हणजे साधारण ११३ लिटर जिरलं. खड्डा दगड-रोड्यांनी भरलेला असेल तर पाणी मधल्या पोकळीतच असतं, तेव्हा तेच १० सेंटिमीटर म्हणजे जेमतेम ४५ लिटर. हे दिवसाच्या वापराशी ताडून बघा. न्हाणीघर, स्वयंपाकघर आणि संडास मिळून माणशी १०० लिटर धरले तर पाच जणांचे ५०० लिटर रोज जिरायला हवेत. रात्री पाणी वापरलंच नाही आणि तरी पातळी वर आली, तर एकतर फ्लश गळतोय किंवा बाहेरचं भूजल खड्ड्यात शिरतंय.

खड्डा चोंदलाय की जमीनच पीत नाही?

हा प्रश्न सुटल्याशिवाय नवा खड्डा खणू नका. टाकी बरीच वर्षं उपसलेली नसेल, किंवा टाकीच्या आतला, बाहेर जाणाऱ्या तोंडावरचा टी आकाराचा पाइप (टी पाइप) तुटून पडला असेल, तर वरची साय आणि खालचा गाळ पाण्याबरोबर शोषखड्ड्यात जातो. खड्ड्याच्या भिंतींवर काळा, बुळबुळीत थर बसतो आणि त्यामागची माती कितीही चांगली असली तरी पाणी तिच्यापर्यंत पोचत नाही. स्वयंपाकघरातलं तेलकट पाणी तेच करतं.

कधीकधी चूक बांधकामातच असते. शोषखड्ड्याच्या भिंती विटांच्या जाळीच्या किंवा कोरड्या दगडाच्या हव्यात. गवंडी हौसेने आतून प्लास्टर करून देतो किंवा बिनछिद्रांच्या सिमेंटच्या कड्या उतरवतो, आणि शोषखड्ड्याची दुसरी टाकी होऊन बसते.

फरक ओळखायचा तर जुन्या खड्ड्यापासून तीन-चार मीटरवर, चढाच्या बाजूला, पुढे दिलेली चाचणी घ्या. तिथली माती चांगलं पाणी पीत असेल तर जमीन निर्दोष आहे. टाकी उपसा, टी पाइप बदला आणि ताज्या मातीत नवा खड्डा घ्या. तिथेही पाणी उभं राहिलं तर दहा खड्डे खणले तरी तेच होणार. बाजारात मिळणाऱ्या 'बॅक्टेरिया पावडरी'ने मातीचा गुण बदलत नाही. ॲसिडने तर टाकीतले उपयोगी जंतूच मरतात.

विहिरीतलं पाणी आणि हातातली माती

जवळच्या विहिरीत पाणी किती खाली आहे, हे भर पावसाळ्यानंतर, भाद्रपद-आश्विनात बघा. मे महिन्यातली पातळी बघून खड्ड्याची खोली ठरवणं ही नेहमीची चूक. आयएस २४७० या भारतीय मानकाचा दुसरा भाग टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या विल्हेवाटीचा आहे. त्यात भूजल जमिनीपासून १.८ मीटरच्या आत येत असेल तर खोल शोषखड्ड्याऐवजी जमिनीच्या वर भराव करून त्यात पाणी जिरवणारा उथळ, लांब चर (शोषचर) घ्यायला सांगितलं आहे. याचं कारण असं की पाण्यात बुडालेल्या मातीत हवा उरत नाही. ती पाणी पीतही नाही आणि गाळतही नाही. जवळ विहीर नसेल तर जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे निरीक्षण विहिरींच्या नोंदी असतात, त्या मागा. कोरड्या दिवसांत खणलेल्या खड्ड्याच्या भिंतीत करडे आणि तांबूस डाग मिसळलेले दिसले, तर दरवर्षी त्या पातळीपर्यंत पाणी साचतं. काळ्या मातीत हे डाग ओळखू येत नाहीत, तिथे विहिरीवरच भिस्त ठेवा.

अंतरं आत्ताच मोजून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किंवा बोअरपासून किमान १८ मीटर, राहत्या घरापासून किमान ६ मीटर. शेजाऱ्याची विहीरही मोजायची. लहान प्लॉटवर बेत इथेच अडतो, आणि तो चाचणीआधी अडलेला बरा.

मग माती हातात घ्या, पण वरची नको. खड्डा जिथे पाणी जिरवणार त्या खोलीवरची. खडे काढून, भिजवून, भाकरीच्या पिठासारखी मळा आणि अंगठ्याने बोटावर दाबत पट्टी काढा. पट्टी निघतच नाही आणि कण खरखरीत लागतात तर वाळू किंवा मुरूम जास्त. पाच सेंटिमीटरपेक्षा लांब पट्टी न तुटता लोंबत राहिली तर चिकणमाती भरपूर आहे, निकाल वाईट येण्याची तयारी ठेवा. ही चाचणी आकडा देत नाही. कुठे भोक पाडायचं आणि कुठे श्रम वाया घालवायचे नाहीत, एवढं सांगते.

दख्खनच्या बऱ्याच भागात वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि मग पाषाण असतो. काळी माती पाणी धरून ठेवते, मुरूम सोडतो. काळीचा थर मीटरभराचा असेल आणि खाली पुरेसा मुरूम असेल तर शोषखड्डा चालतो, मात्र खड्ड्याची पाणी पिणारी बाजू मुरमात यायला हवी. काळी खूप खोल असेल, किंवा मुरूम हातभर आणि लगेच पाषाण असेल, तर सगळं बदलतं.

पाझर चाचणी

इंजिनिअर हिला पर्कोलेशन टेस्ट म्हणतात. सामान साधं: गिरमिट किंवा पहार, पट्टी, घड्याळ, भरपूर गाळलेलं पाणी, घमेलंभर बारीक धुतलेली खडी, गोणपाटाचा तुकडा. आणि दीड दिवस.

खड्डा किंवा चर जिथे होणार त्या जागेत, एकमेकांपासून लांब, निदान तीन ठिकाणी १०० ते ३०० मिलिमीटर रुंदीची भोकं पाडा. खोली प्रत्यक्ष कामाएवढी हवी. दोन मीटर खाली जिरवायचं असेल आणि चाचणी फूटभर खोल घेतली तर परीक्षा भलत्याच मातीची होते. त्यासाठी आधी मोठा खड्डा घेऊन त्याच्या तळात भोक पाडावं लागतं. मात्र दीड मीटरपेक्षा खोल खड्ड्यात आधाराच्या फळ्या लावल्याशिवाय कुणी उतरायचं नाही. काळी माती आणि भराव इशारा न देता ढासळतात.

भोकाच्या भिंती चाकूने किंवा खिळ्याने खरवडा. गिरमिट फिरताना ओली माती लिंपली जाते, तिचा गुळगुळीत थर पाणी अडवतो आणि चांगली जमीन नापास होते. सुटी माती काढून टाका. तळात ५० मिलिमीटर खडी घाला, म्हणजे पाणी ओतताना तळ उसकटून गाळ बसत नाही. पाणी गोणपाटावरून हळू सोडा.

आता भिजवण. खडीच्या वर किमान ३०० मिलिमीटर पाणी भरा आणि निदान चार तास, शक्यतो रात्रभर, ते तेवढंच राहील असं पुन्हा पुन्हा भरत राहा. २०० मिलिमीटर रुंदीच्या भोकाला एका वेळी सुमारे साडेनऊ लिटर लागतात.

चाचणीचा सगळा खरेपणा या भिजवणीत आहे, आणि नेमकी हीच पायरी गाळली जाते. उन्हाळ्यात काळ्या मातीला पडलेल्या भेगांमधून पहिली बादली डोळ्यांदेखत गायब होते आणि 'जमीन मस्त पाणी पिते' असा निर्वाळा मिळतो. भिजल्यावर तीच माती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी तासन् तास हलत नाही. शोषखड्ड्याभोवतीची माती बारा महिने ओलीच राहणार, म्हणून मोजायची ती ओल्या मातीचीच चाल. पहिल्या बादलीचं काहीही लिहून ठेवू नका.

दुसऱ्या दिवशी, पहिल्यांदा पाणी भरल्याला साधारण २४ तास झाले की मोजणी. भोकात पाणी उरलं असेल तर पातळी खडीच्या वर १५० मिलिमीटरवर आणा आणि ३० मिनिटांत किती उतरतं ते बघा. सगळं जिरून गेलं असेल तर १५० मिलिमीटर भरा, दर ३० मिनिटांनी उतार मोजा, लागेल तसं पुन्हा भरा, असं चार तास. शेवटच्या ३० मिनिटांतला उतार तेवढा धरायचा. वाळूसारख्या मातीत १५० मिलिमीटर पाणी अर्ध्या तासाच्या आतच संपतं. तिथे दर १० मिनिटांनी तासभर मोजा आणि शेवटची १० मिनिटं धरा. भोकावर आडवी फळी ठेवून तिच्यापासून खाली मोजलं तर पट्टी दरवेळी एकाच जागी टेकते, नाहीतर पाच-सात मिलिमीटरची चूक सहज होते आणि संथ मातीत तेवढ्याने निकाल फिरतो.

हिशेब २५ मिलिमीटरला किती मिनिटं, असा. शेवटच्या ३० मिनिटांत ४० मिलिमीटर उतरलं तर ३० भागिले ४० गुणिले २५, म्हणजे जवळजवळ १९ मिनिटं. १२ मिलिमीटरच उतरलं तर ६२ मिनिटांच्या वर. तीन भोकांचे आकडे जवळजवळचे आले तर सरासरी चालेल. एक फार वेगळं आलं तर तिथे उंदराचं बीळ, जुनं मूळ, भराव किंवा चोंदलेला खड्डा आहे का बघा, आणि कारण सापडलं नाही तर सगळ्यात संथ आकडा धरा.

आकडा आला, आता काय

३० मिनिटांपर्यंत: शोषखड्डा चालतो. ३० ते ६०: खड्डा नको, उथळ आणि लांब शोषचर घ्या, तोही थोडाफार जमिनीच्या वर. ६० च्या पुढे: ही जमीन टाकीचं पाणी जिरवणार नाही.

आकार ठरवायला मानकातलंच सूत्र आहे: २०४ भागिले मिनिटांचं वर्गमूळ. उत्तर येतं ते एका चौरस मीटरवर दिवसाला किती लिटर सोडता येतील याचं. १० मिनिटांना ६५ लिटर, ३० ला ३७, ६० ला २६. शोषखड्ड्यात क्षेत्रफळ आत येणाऱ्या पाइपच्या खालच्या भिंतीचं धरतात, चरात तळाचं.

घरात पाच जण, ५०० लिटर, आकडा १० मिनिटं: ७.७ चौरस मीटर भिंत हवी. १.२ मीटर व्यासाचा खड्डा पाइपच्या खाली दोन मीटरहून थोडा जास्त गेला की झालं. तेच घर, पण आकडा ३०: साडेतेरा चौरस मीटर, म्हणजे साडेतीन मीटरहून खोल. एवढ्या खाली पाणी किंवा पाषाण लागण्याचीच शक्यता जास्त, म्हणून १.८ मीटर खोलीचे दोन खड्डे बरे. आणखी स्वस्त मार्ग म्हणजे न्हाणीचं आणि धुण्याचं पाणी वेगळं काढून केळी-अळूला देणं. संडासाचे २०० लिटरच उरले तर त्याच जमिनीत दीड मीटरचा एक खड्डा पुरतो. नवीन घर बांधताना दोन वेगळे पाइप टाकायचा खर्च नगण्य असतो. फरशी बसल्यावर तो नगण्य राहत नाही.

६० मिनिटांच्या काठावर ५०० लिटरसाठी १९ चौरस मीटरहून थोडा जास्त तळ लागतो. ६० सेंटिमीटर रुंदीचा चर घेतला तर लांबी ३२ मीटर भरते. एका चराची लांबी ३० मीटरच्या वर नेत नाहीत, म्हणून सोळा-सोळा मीटरचे दोन, मधे दोन मीटर जागा सोडून.

कोकणात आणि गोव्यात जांभ्यावर चाचणी घेतली तर पाणी मिनिटाभरात नाहीसं होतं. तिथे खूश होऊ नका. जांभ्यातल्या नळीसारख्या पोकळ्यांतून पाणी गाळलं न जाता धावतं, खालच्या चिकणमातीच्या थरावर आडवं वळतं आणि उतारावरच्या विहिरीत किंवा झऱ्यात निघतं. अशा जागी १८ मीटर हा आकडा कमीत कमी समजा. दोन खड्ड्यांच्या संडासासाठी सांगतात तसा तळ बंद करून, खड्ड्याभोवती अर्धा मीटर जाडीचं बारीक वाळूचं वेष्टण घ्या आणि खालच्या अंगाच्या विहिरीचं पाणी दरवर्षी प्रयोगशाळेत तपासून घ्या.

इथे थांबा

आकडा ६० च्या पुढे आला, भूजल १.८ मीटरच्या आत आहे, मीटरभरातच पाषाण लागला, विहिरीपासूनचं अंतर बसत नाही, किंवा घर एकट्याचं नसून हॉटेल, मंगल कार्यालय, सोसायटी आहे: यांतलं एकही खरं असेल तर पहार ठेवा आणि सांडपाण्याचं काम केलेल्या सिव्हिल इंजिनिअरला बोलावा. अशा ठिकाणी वर बांधलेला चर, उलट्या प्रवाहाचा (पाणी खालून वर चढवत गाळणारा) फिल्टर किंवा छोटं शुद्धीकरण यंत्र लागतं आणि त्याचा हिशेब अंदाजाने होत नाही.

'खड्ड्याच्या तळात बोअर मारून देतो, पुन्हा कधी भरणार नाही' असं कुणी सुचवेल. खड्डा खरंच भरणार नाही, कारण मैलापाणी सरळ त्या भूजलात जाईल ज्यातून तुम्ही आणि शेजारी पिता. हे काम कुणालाही करू देऊ नका. आधीच झालं असेल तर वापर ताबडतोब बंद करा, ते बोअर व्यवस्थित बुजवायला जाणकार बोलावा आणि आसपासच्या विहिरींचं पाणी तपासून मिळेपर्यंत उकळून प्या.

इंजिनिअर येईल तेव्हा त्याला द्यायला हे कागदावर लिहून ठेवा: तिन्ही भोकांची जागा आणि खोली, प्रत्येक ३० मिनिटांचा उतार, चाचणीचा महिना, किती खोलीवर कोणती माती लागली, पावसाळ्यानंतरची विहिरीची पातळी, घरातली माणसं आणि टाकी शेवटची कधी उपसली ते वर्ष.